रक्तातले हार्मोन मेंदूमार्फत बीपी कसं चढवतात, आणि घरच्या वहीतून ते कसं ओळखायचं

बीपी वाढलं की पहिला संशय हृदयावर जातो आणि दुसरा रक्तवाहिन्यांवर. मेंदूचं नाव निघतं ते ‘टेन्शन घेऊ नका’ एवढ्यापुरतंच. खरं तर हृदयानं किती जोर लावायचा, वाहिन्यांनी किती आवळायचं आणि किडनीनं किती मीठ धरून ठेवायचं, या तिन्ही कामांचे हुकूम मेंदूतून सुटतात, आणि ते सोडताना रक्तात कोणते हार्मोन किती आहेत याची दखल मेंदू घेत असतो. गोळ्या नियमित घेऊनही ज्यांचा आकडा हलत नाही, पोटॅशियम सारखं कमी येतं, किंवा घरच्या आणि दवाखान्याच्या आकड्यांचा मेळ बसत नाही, त्यांना हा मार्ग माहीत असायला हवा.

निरोप आत कुठून जातो

मेंदूतल्या बहुतेक केशवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की रक्तातले बरेचसे हार्मोन आत शिरू शकत नाहीत. बीपीच्या गोष्टीतला मुख्य गडी अँजिओटेन्सिन-२ हाही त्यांतलाच. पण काही जागी या भिंतींना बारीक छिद्रं असतात. त्यांना खिडक्या म्हणू. बीपीच्या दृष्टीनं तीन महत्त्वाच्या: मेंदूतल्या तिसऱ्या पोकळीच्या छताला असलेलं सबफॉर्निकल ऑर्गन, त्याच पोकळीच्या पुढच्या भिंतीतलं ओव्हीएलटी, आणि मागे मेंदूच्या देठात, चौथ्या पोकळीच्या तळाशी असलेला एरिया पोस्ट्रेमा. रक्तातलं विष ओळखून उलटी काढायला लावणारी जागा हीच.

अँजिओटेन्सिन तयार होतो तो टप्प्याटप्प्यानं. किडनीला रक्त कमी पोचतंय, मीठ कमी आहे किंवा सिंपथेटिक नसांचा (शरीराला धावपळीसाठी सज्ज करणाऱ्या नसांचा) हुकूम आला, की ती रेनिन सोडते. रेनिन यकृतातून आलेल्या एका प्रथिनाचा तुकडा तोडतं, आणि फुप्फुसांतल्या वाहिन्यांच्या अस्तरावरचं एसीई नावाचं विकर त्या तुकड्याचा अँजिओटेन्सिन-२ करतं. रेनिनचा शोध १८९८ चा, अँजिओटेन्सिनचा १९४० च्या आसपासचा. तो रक्तवाहिन्या थेट आवळतो हे लवकर कळलं, आणि बराच काळ तेवढंच पुरेसं मानलं गेलं.

१९६१ साली बिकर्टन आणि बकले यांनी त्याला धक्का दिला. एका कुत्र्याच्या डोक्याला दुसऱ्या कुत्र्याचं रक्त पुरवलं आणि पहिल्याचं डोकं व धड यांच्यात फक्त मज्जातंतूंचा दुवा राखला. डोक्याच्या रक्तात अँजिओटेन्सिन सोडलं तर धडातलं बीपी चढलं. हार्मोन धडापर्यंत पोचलाच नव्हता, पोचला तो नसांचा हुकूम. पुढे १९७३ मध्ये सिम्पसन आणि राउटेनबर्ग यांनी दाखवलं की उंदरांना अँजिओटेन्सिननं जी तहान लागते तिची जागा सबफॉर्निकल ऑर्गन आहे.

तिथल्या पेशींवरच्या एटी-१ ग्राहकांना (पेशीवर हार्मोन चिकटण्याच्या जागांना) अँजिओटेन्सिन चिकटला की संदेश हायपोथॅलॅमसमधल्या पॅराव्हेंट्रिक्युलर केंद्राकडे जातो. तिथून दोन वाटा फुटतात. एका वाटेनं पिट्युटरीतून व्हॅसोप्रेसिन सुटतं आणि किडनी पाणी धरून ठेवते. दुसरी वाट मेंदूच्या देठातून, पाठीच्या कण्यातून सिंपथेटिक नसांपर्यंत जाते: नाडी वाढते, वाहिन्या आवळतात आणि किडनी आणखी रेनिन सोडते. घोडं पेंड खातं ते इथे. रेनिनमुळे अँजिओटेन्सिन, त्यामुळे मेंदूचा हुकूम, आणि हुकमामुळे पुन्हा रेनिन. हे चक्र एकदा रुळलं की एकट्या पाणी काढणाऱ्या गोळीनं ते तुटत नाही. उलट पाणी कमी झालं म्हणून किडनी रेनिन वाढवते. दोन वेगवेगळ्या गटांच्या गोळ्या एकत्र देण्यामागे हेच गणित आहे. ‘एकाच रोगाला दोन गोळ्या कशाला’ हा केमिस्टच्या काउंटरवर हमखास ऐकू येणारा प्रश्न, त्याचं उत्तर हे.

आणखी एक बारकावा. मानेतल्या कॅरोटिड धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब मोजणाऱ्या नसांची टोकं असतात. दाब वाढला की ती मेंदूच्या देठाला कळवतात आणि नाडी मंदावते. अँजिओटेन्सिन या यंत्रणेची पट्टीच वर सरकवतो. म्हणून त्याचा जोर असताना १६० चा आकडा असूनही नाडी ८५ वर राहू शकते. वहीत नाडीचा रकाना का हवा, ते यावरून कळेल.

बाकीच्या हार्मोनचं थोडक्यात. हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर ताण आला की एएनपी नावाचं हार्मोन सुटतं आणि ते याच खिडक्यांपाशी अँजिओटेन्सिनच्या उलट काम करतं, तहान कमी करतं. चरबीच्या पेशींतून येणारं लेप्टिन हायपोथॅलॅमसमधून सिंपथेटिक नसांना चेतवतं. वजन वाढल्यावर बीपी चढण्यामागचं हे एक मोठं कारण आहे. जन्मतः लेप्टिन नसलेली माणसं खूप लठ्ठ असूनही त्यांचं बीपी त्या मानानं चढत नाही. ओव्हीएलटी रक्ताचा खारटपणा मोजतं, आणि तो एक-दोन टक्क्यांनी वाढला तरी तहान लागते.

आधी आकडा विश्वासाचा हवा

हार्मोनच्या मागे लागण्याआधी मोजणं नीट हवं, नाहीतर चुकीच्या आकड्यावर तर्कांचे इमले उभे राहतात. दंडावर बांधायचं डिजिटल मशिन घ्या, मनगटावरचं नको. दंडाच्या मधोमध शिंप्याच्या टेपनं घेर मोजा. बहुतेक मशिनबरोबर २२ ते ३२ सेंटिमीटरचा पट्टा येतो. घेर ३३-३४ असेल तर मोठा पट्टा वेगळा मागवावा लागतो, कारण लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो. गोळी वाढण्याचं हे एक अगदी फालतू आणि अगदी नेहमीचं कारण आहे.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, जिना, व्यायाम नको. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून, मांडी न घालता पाच मिनिटं गप्प बसा. भारतीय बैठक कितीही सोयीची असली तरी इथे खुर्चीच हवी. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या मध्यापाशी येईल. हात १० सेंटिमीटर खाली लोंबला तर आकडा सुमारे ७-८ नं जास्त येतो. पट्टा उघड्या दंडावर बांधा. स्वेटरची बाही वर गुंडाळून केलेला आवळपट्टाही चालत नाही.

पहिल्या दिवशी दोन्ही दंड मोजा आणि ज्याचा आकडा जास्त तोच पुढे वापरा. पुन्हा पुन्हा मोजूनही दोन हातांत १५ पेक्षा जास्त फरक दिसला तर डॉक्टरांना सांगा. मग सात दिवस, सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी दोन वेळा, रात्री झोपण्यापूर्वी दोन वेळा, मध्ये एक मिनिट थांबून मोजा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकी सगळ्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत ती १३५/८५ किंवा वर असेल तर बीपी जास्त. दवाखान्यात ही रेघ बहुतेक ठिकाणी १४०/९० धरतात. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांनी ‘सकाळ’ म्हणजे झोपेतून उठल्यानंतरचा तास धरावा, घड्याळातले सात नव्हे. पाळी बदलण्याचा आठवडा मोजणीसाठी निवडूच नका.

वहीत रकाने असे: तारीख-वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडी, आदल्या दिवशीचं खाणं, झोपेचे तास, आणि ‘वेगळं काही’. शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत, निफाडकडे पारा एक अंकी होतो तेव्हा, थंडीनं त्वचेतल्या वाहिन्या आवळतात आणि आकडे वर जातात. अंघोळीनंतर गारठलेल्या अंगानं मोजलं तर वहीत थंडी नोंदली जाते, आजार नव्हे. उन्हाळ्यात द्राक्षबागेतल्या खरड छाटणीच्या कामावरून घामाघूम येऊन लगेच मोजणं तितकंच निरुपयोगी. अंगात पाणी कमी असताना रेनिन आणि व्हॅसोप्रेसिन दोन्ही चढलेले असतात. पाणी पिऊन, तासभर सावलीत बसून मग मोजा.

उभं राहून मोजा

मेंदू आणि नसांची ही साखळी घरी तपासण्याचा एक सोपा उपाय आहे. पाच मिनिटं आडवं पडून बीपी आणि नाडी घ्या. मग उभं राहा, हात कुणीतरी छातीच्या उंचीला धरून ठेवावा, आणि एका मिनिटानं व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. तब्येत ठीक असेल तर वरचा आकडा थोडा खाली येतो, खालचा जरासा वर जातो आणि नाडी थोडी वाढते. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा १० किंवा जास्त घसरला तर ती नोंद डॉक्टरांपर्यंत गेलीच पाहिजे. मधुमेहात नसा बिघडल्या असतील, पाणी कमी पडत असेल, किंवा प्रॉस्टेटसाठी दिलेल्या अल्फा-ब्लॉकर गोळीचा परिणाम असेल. अशा माणसाची बीपीची गोळी बसलेल्या आकड्यावरून वाढवली तर तो पहाटे बाथरूमला जाताना पडतो. वयस्करांची ही चाचणी भिंतीजवळ आणि कुणीतरी शेजारी असतानाच करा.

मिठाचा हिशोब किलोत करा

‘आम्ही मीठ कमीच खातो’ हे सगळेच सांगतात. त्यामुळे चमचे न मोजता पाकीट मोजा. एक किलोचं पाकीट फोडलं त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. चार मोठ्या माणसांच्या घरात ते ३० दिवसांत संपलं तर माणशी रोज ८ ग्रॅमहून थोडं जास्त होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ ग्रॅमपेक्षा कमी. त्या हिशोबानं चार जणांना महिन्याला ६०० ग्रॅम, पण त्यातच पापड, लोणचं, फरसाण, पाव आणि रविवारची मिसळ बसवायची आहे. म्हणून घरच्या पाकिटातून ४०० ते ४५० ग्रॅमच जावं. वेष्टनावर सोडियम मिलिग्रॅममध्ये दिलेलं असतं. त्याला अडीचनं गुणलं की मीठ किती ते कळतं. सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे. गुलाबी रंगानं बीपी उतरत नाही.

पोटॅशियमवालं कमी सोडियमचं मीठ बऱ्याच जणांना उपयोगी पडतं. मात्र किडनीचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका. रक्तात पोटॅशियम साठलं तर हृदयाची लय बिघडते.

मीठ कमी केल्यावर दोन आठवडे द्या, मग पुन्हा सात दिवसांची मोजणी करा. आकडा चांगला उतरला तर तुमचं बीपी मिठाला संवेदनशील आहे. फारसा हलला नाही तर मीठ सोडणं वाया गेलं असं नव्हे, पण चक्राचा दुसरा एखादा दुवा ओढतोय हे दिसतं.

काढ्यातलं ज्येष्ठमध

हिवाळ्यात घशासाठी ज्येष्ठमध चघळणं आणि काढ्यात घालणं आपल्याकडे घरोघरी चालतं. बीपीवाल्यांनी हा भाग दोनदा वाचावा. किडनीच्या वर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीतला अल्डोस्टेरॉन हा हार्मोन किडनीला मीठ धरून ठेवायला आणि पोटॅशियम टाकायला लावतो. तो ज्या ग्राहकाला चिकटतो त्याच ग्राहकाला कॉर्टिसोलही चिकटू शकतो, आणि रक्तात कॉर्टिसोल अल्डोस्टेरॉनच्या कितीतरी पट जास्त असतो. म्हणून किडनीत आणि मेंदूच्या देठातल्या मोजक्या पेशींत एक विकर पहारा देतं आणि कॉर्टिसोल निकामी करतं. मेंदूच्या देठातल्या त्या पेशींचा संबंध मीठ खाण्याच्या इच्छेशी आहे. ज्येष्ठमधातलं ग्लायसिरायझिन नेमकं हे विकर बंद पाडतं. मग कॉर्टिसोलच अल्डोस्टेरॉनचं काम करू लागतो: बीपी वर, पोटॅशियम खाली, पायात गोळे, अशक्तपणा. तपासणीत मात्र रेनिन आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही कमी येतात, आणि काढ्याचा विषय निघाला नाही तर सगळेच बुचकळ्यात पडतात. ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ म्हणून डॉक्टरांना न सांगितलेल्या गोष्टींत याचा नंबर वरचा. सोडल्यावरही परिणाम ओसरायला आठवडे लागू शकतात.

याच ‘वेगळं काही’ रकान्यात सांधेदुखीच्या डायक्लोफिनॅक-आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या, सर्दीचं नाक मोकळं करणारं औषध, स्टेरॉइड आणि गर्भनिरोधक गोळ्याही लिहा. अँजिओटेन्सिन ज्यापासून बनतो ते यकृतातलं मूळ प्रथिनच गर्भनिरोधक गोळीतलं इस्ट्रोजेन वाढवतं. घोरणं आणि झोपेत श्वास थांबणं हेही लिहा, कारण प्रत्येक वेळी श्वास अडला की सिंपथेटिक नसा उसळतात.

अल्डोस्टेरॉन-रेनिन गुणोत्तर: कधी आणि कसं

तीन गोळ्या, त्यांत एक पाणी काढणारी, पुऱ्या मात्रेत घेऊनही सरासरी उतरत नसेल, पोटॅशियम ३.५ च्या खाली येत असेल, चाळिशीच्या आत बीपी लागलं असेल, किंवा सोनोग्राफी-सीटीमध्ये ॲड्रिनलवर गाठ दिसली असेल, तर ही तपासणी (अल्डोस्टेरॉनला रेनिननं भागून येणारा आकडा) विचारून घ्या. ॲड्रिनल आपल्या मनानं अल्डोस्टेरॉन सोडत असली की शरीरात मीठ साठतं आणि रेनिन दबतं. अमेरिकेतल्या जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये हा आजार वर्णन केला. सगळ्या बीपीवाल्यांत तो ५ ते १० टक्क्यांना, आणि गोळ्यांना दाद न देणाऱ्यांत सुमारे २० टक्क्यांना सापडतो. म्हणजे तो दुर्मीळ नाही, शोधला जात नाही.

नमुना द्यायची तयारी अशी. मीठ त्या आठवड्यात मुद्दाम तोडू नका, नेहमीसारखं खा. मीठ कमी केलं की रेनिन चढतं आणि आजार लपतो. पोटॅशियम आधी ४ च्या आसपास आणून घ्या, कारण ते कमी असेल तर अल्डोस्टेरॉनही कमी दिसतं. ज्येष्ठमध चार आठवडे बंद. सकाळी उठून किमान दोन तास हिंडून-फिरून लॅबमध्ये जा, तिथे ५ ते १५ मिनिटं बसा आणि बसूनच रक्त द्या. मूठ सारखी उघडझाप करू नका, त्यानं पोटॅशियम खोटं वाढतं.

गोळ्यांचा प्रश्न नाजूक आहे. स्पायरोनोलॅक्टोन शक्यतो चार आठवडे आधी थांबवतात. बीटा-ब्लॉकर (नाडी मंद करणाऱ्या गोळ्या) रेनिन दाबतात, त्यामुळे गुणोत्तर उगाच फुगतं. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल आणि पाणी काढणाऱ्या गोळ्या रेनिन वाढवतात, त्यामुळे खरा आजार झाकला जातो. पण याच गोळ्या चालू असतानाही रेनिन दबलेलं आलं तर संशय आणखी बळावतो. म्हणून बरेच डॉक्टर पहिली तपासणी गोळ्या न बदलता करून अहवाल त्या हिशोबानं वाचतात. बदलायच्याच झाल्या तर प्राझोसिन किंवा व्हेरापामिल यांसारख्या, आकड्यांत फारशी ढवळाढवळ न करणाऱ्या गोळ्या मधल्या काळात देतात. हा बदल डॉक्टरांनीच करायचा. विशेषतः मेंदूच्या देठावर काम करणारी क्लोनिडीन अचानक सोडली तर दबलेल्या सिंपथेटिक नसा एकदम उसळतात आणि बीपी आधीपेक्षाही वर जातं.

नमुना घेतल्यावर घोळ होतो तो बर्फाचा. रेनिनचा नमुना बर्फात ठेवला तर रक्तातलं निष्क्रिय प्रोरेनिन सक्रिय होतं आणि रेनिन जास्त दिसतं. प्लाझ्मा (रक्तपेशी काढून उरणारा द्रव) वेगळा होईपर्यंत नमुना खोलीच्या तापमानालाच हवा, गोठवायचा तो त्यानंतर. शहरातल्या कलेक्शन सेंटरवरून नमुने मुंबई-पुण्याच्या लॅबला जाणार असतील तर ‘प्लाझ्मा इथेच वेगळा करून मग गोठवता का’ हे आधी विचारा. उत्तर नीट मिळालं नाही तर दुसरं सेंटर बघा.

अहवालात एककं तपासा. अल्डोस्टेरॉन नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आणि प्लाझ्मा रेनिनची क्रियाशीलता नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर प्रति तास असेल, तर २० ते ३० च्या वरचं गुणोत्तर, दबलेलं रेनिन आणि १०-१५ च्या वरचं अल्डोस्टेरॉन यांवरून पुढची तपासणी ठरते. काही लॅब क्रियाशीलतेऐवजी रेनिनचं थेट प्रमाण मोजतात. त्याचे आकडे वेगळ्या मापात असतात, त्यांना ही रेघ लावायची नाही. दोन अहवालांची तुलना करायची असेल तर दोन्ही एकाच लॅबचे, एकाच पद्धतीचे हवेत. गुणोत्तर जास्त आलं म्हणून निदान पक्कं झालं असं नाही. पुढे सहसा खात्रीची चाचणी आणि ॲड्रिनलचं सीटी होतं, आणि शस्त्रक्रियेचा विचार असेल तर दोन्ही ॲड्रिनल शिरांतलं रक्त वेगवेगळं तपासतात, कारण सीटीत दिसणारी गाठच दोषी असते असं नाही. दोन्ही बाजूंनी हार्मोन सुटत असेल तर स्पायरोनोलॅक्टोन सुरू करतात. ती सुरू केल्यावर आठवड्यानं आणि मग महिन्यानं पोटॅशियम व क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) तपासायचं. पुरुषांमध्ये छाती दुखणं-वाढणं हा तिचा माहितीतला दुष्परिणाम आहे. लाजून गोळी सोडू नका, सांगा, पर्यायी औषध मिळतं.

या सगळ्या काळात मशिनवर १८०/१२० किंवा वर आकडा आला तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा. तसाच राहिला आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं, अंधुक दिसणं किंवा असह्य डोकेदुखी यांतलं काही असेल तर वही बाजूला ठेवून १०८ ला फोन करा. लक्षण काहीच नसेल तर जास्तीची गोळी मनानं घेऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, आणि सकाळची गोळी चुकली होती का, तेही तपासून सांगा.